अनुभवाची पाच वर्षं

भिगवणच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तसे आबा माझ्यासाठी खिडकीची जागा धरायला आत चढले. तेवढ्यात मामानं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक खाकी पाकीट सरकवलं. “दाजींना दावू नगंस,” तो हळूच म्हणाला. आई शेजारीच उभी होती. तिनं ऐकलं आणि मान वळवून रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर बघत राहिली. पाकिटाला मासळीचा वास येत होता.

त्या पाकिटात काय आहे हे मला माहीत होतं. मला कोणी फसवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आम्ही बाहेर पडलेली माणसं आठवणी लिहायला बसलो की आपण जरा जास्तच भोळे होतो. तुम्ही जे आमच्या डाळजला, मामाच्या कन्हेरीला राहिलात, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहितेय. आणि जे माझ्यासारखे गाडीत बसून गेले त्यांनीही वाचावं. त्यांच्या पिशवीत काय होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आबा लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर होते. मी बारामतीला संगणकाचा कोर्स केला तो कन्हेरीला मामाच्या घरी राहून. तीन वर्षं मामीनं मला डबा दिला, आपल्या प्रशांतच्या आधी माझ्या ताटात वाढलं. पोरीला इतकं शिकवून काय करायचं असं भावकीतले म्हणायला लागले, तेव्हा आबा गप्प बसले होते. मामा मात्र त्या सगळ्यांशी भांडला. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

कोर्स संपल्यावर दोन वर्षं मी भिगवणला एका संगणक वर्गात टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते शिकवत होते. पुण्यातल्या कंपन्यांना अनुभव हवा होता, आणि माझं शिकवणं त्यांच्या लेखी अनुभव नव्हता. मग मामानं पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाला गाठलं. त्याची दोन खोल्यांची कंपनी होती. मामा थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर चिलापी मासे घेऊन सकाळच्या गाडीनं गेला आणि संध्याकाळी पत्र घेऊन आला. पत्रात लिहिलं होतं की मी त्यांच्याकडे दोन वर्षं ‘संगणक विभागाचे धोरण, नियंत्रण व देखरेख’ हे काम केलं. त्या माणसाला जे शब्द वजनदार वाटले ते त्यानं घातले होते. मी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

“सारू, कागुद हाय त्यो,” मामा म्हणाला होता. “कागदाला भूक लागत न्हाय, मानसाला लागती.”

मुलाखतीत मला त्या ऑफिसबद्दल विचारलं. मी ते कुठल्या मजल्यावर आहे, जेवायला कुठं बसायचो, साहेबांचा स्वभाव कसा, सगळं सांगितलं. इतकं सफाईनं सांगितलं की मलाच ते ऑफिस दिसायला लागलं. नोकरी लागली. डाळजच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर माझा सत्कार झाला. नुकतंच सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं होतं. खोटं बोलणार नाही हे चौथं शील मीही हात जोडून म्हटलं, आणि मग गुलाबाचं फूल घ्यायला पुढं गेले. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात धरला. “माज्या पोरीनं कुनाचा वशिला लावला न्हाय,” ते म्हणाले. मामानं सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्या.

पुण्यात मी बोलायला शिकले. ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘न्हाय’चं ‘नाही’ केलं. बरोबरच्या मुली हसायच्या तेव्हा मीही हसायचे. कोथरूडच्या खोलीत आरशासमोर उभी राहून ‘कुठे, इथे, तिथे’ घोकायचे. आज घरी फोनवर बोलताना जुनं तोंडात आणायला जोर लावावा लागतो आणि ते नाटकी वाटतं. पुढं बंगळुरूला आले. इथल्या भाजीवाल्याशी मोडकं कन्नड बोलते, ऑफिसात इंग्रजी, सोसायटीच्या रखवालदाराशी हिंदी. ज्वारीचं पीठ मिळतं, पण भाकरी थापायला वेळ मिळतो तो रविवारी. पहिल्या वर्षी त्या भाकरीला गावाची चव आली नाही म्हणून मी रडले होते. आता येतही असेल. मी लक्ष देत नाही.

बंगळुरूत मी एका बँकेच्या तंत्रज्ञान विभागात आहे. कामाचं नाव आयटी गव्हर्नन्स. नवी यंत्रणा कोणाच्या निर्णयानं आणायची, जोखीम कोणी उचलायची, बदल कोण करणार आणि त्याला मंजुरी कोण देणार, हे ठरवायचं आणि तसं होतंय का ते बघायचं. पहिला नियम असा की ज्यानं काम केलं त्यानं स्वतःच ते मंजूर करायचं नाही. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी मुकादमच म्हन की.” तिचं बरोबरच होतं.

या कामातलं एक प्रमाणपत्र आहे. जगभर चालतं. त्याच्याशिवाय वरची जागा मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्याच्या मागं लागले. सकाळी ऑफिसच्या बसमध्ये पुस्तक, जेवणाच्या सुट्टीत पुस्तक. अभ्यासासाठी म्हणून एका मेसेजच्या ग्रुपमध्ये गेले, तर तिथं चोरलेले प्रश्न उघड विकत होते. त्याच्याच खाली कोणीतरी व्यावसायिक नीतिमत्तेच्या धड्याच्या नोट्स मागत होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. किळस यायची अजून बाकी होती.

चार तासांची परीक्षा मी पहिल्याच प्रयत्नात पास झाले. पण नुसती परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र मिळत नाही. या कामाचा पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तुम्ही ते काम खरंच केलंत हे तुमच्या वरच्या माणसानं सही करून सांगावं लागतं. बंगळुरूची माझी तीन वर्षं होती. पुण्याच्या नोकरीतलं शेवटचं एक वर्ष या कामात धरता येत होतं. झाली चार. एक कमी पडत होतं.

आणि दोन वर्षं त्या पाकिटात होती. धोरण, नियंत्रण व देखरेख. मुद्दाम लिहून घेतल्यासारखे शब्द.

मी फार विचार केला असं सांगायला आवडलं असतं. एक दुपार केला. मग पत्र देणाऱ्या त्या पुण्याच्या माणसाचा नंबर शोधला आणि त्याला फॉर्म पाठवला. दहा मिनिटांत सही होऊन आला. सोबत निरोप होता, ‘झालं. मामांना नमस्कार.’ मी काय लिहिलंय ते त्यानं उघडूनही बघितलं नसणार. आता फक्त अर्ज पाठवायचं बटण दाबायचं राहिलं होतं. म्हटलं, रविवारी निवांत बसून एकदा सगळं वाचू आणि पाठवू.

त्याच आठवड्यात प्रशांतचा मेल आला. माझा हा मामेभाऊ लोणी देवकरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होता. मालाच्या पावत्या काढायचा. त्यानंही ती परीक्षा दिली होती. ‘ताई, अनुभवाचं कसं लिहायचं असतं, तुझं एकदा पाठव ना, नुसतं बघायला,’ असं त्यानं महिनाभरापूर्वी मागितलं होतं आणि मी कौतुकानं पाठवलं होतं. आता त्याचा अर्ज माझ्यापुढं होता. माझीच वाक्यं, माझ्याच बँकेतलं काम, आणि वर त्याचं नाव. एका ठिकाणी मी ‘committee’ हा शब्द एक टी गाळून लिहिला होता. तो तसाच होता. खाली वरिष्ठ म्हणून माझं नाव घातलेलं. त्यानं पाच वर्षं माझ्या हाताखाली हे काम केलं, यावर मी सही करायची होती. बँकेत येऊन मलाच तीन वर्षं झाली होती. एवढा हिशेबही त्यानं केला नव्हता.

मला शिसारी आली. अंगावर काहीतरी चिकट पडावं आणि पाण्यानं जाऊ नये तशी. मी त्याला फोन केला. “ताई, सगळेच करत्यात की,” तो म्हणाला. आवाजात लाज नव्हती, भीती नव्हती. मी एवढी का तापले याचं त्याला खरंच नवल वाटत होतं. मी सही करणार नाही म्हटलं आणि फोन ठेवला. तासाभरात आईचा आला.

“आपल्याच रक्ताचं हाय. एक सही तर करायची.”

“आई, ते खोटं आहे.”

“मग काय झालं? कुनाचा जीव जातोय व्हय त्यात?”

त्याच शुक्रवारी सुट्टी टाकून मी गावी गेले. मामाशी समोरासमोर बोलावं, तो समजून घेईल असं वाटत होतं. डाळजहून आई, आबा आणि मी कन्हेरीला गेलो. आबांना एवढंच माहीत होतं की प्रशांतच्या नोकरीचं काहीतरी विचारायचंय.

मामा दूध संघातून निवृत्त झाला होता. मामीनं चहा आणला. कप माझ्यापुढं ठेवला, हातात दिला नाही. मी नीट सांगायला सुरुवात केली. अशी सही पकडली गेली तर माझी नोकरी जाईल, प्रशांतलाही कुठं उभं करणार नाहीत. मामानं सगळं ऐकून घेतलं.

“नोकरीचं ऱ्हाऊ दे. करायची न्हाय म्हन.”

“नाही करायची. खोटं आहे ते, मामा.”

“आसं. आन तवा ग्वाड लागलं?”

आबांनी कप खाली ठेवला. “कवा?” त्यांनी विचारलं.

मामानं माझ्याकडं बघितलं. मी सांगेन म्हणून तो थांबला असेल. मी नाही सांगितलं. मग त्यानं सांगितलं. पत्र, मासे, पुण्याचा माणूस, सगळं. रागानंही नाही, पाठ केलेलं म्हणावं तसं. शेवटी म्हणाला, “दाजी, मोठ्या घरची पोरं बापाच्या दोस्ताकडनं आसली पत्रं आनत्यात. त्यांला कुनी इचारत न्हाय. आपल्याला कोन देनार व्हतं? मी पोरीसाठी केलं. आता माज्या पोराच्या येळला हिला शील आठवलं.”

त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. मी आजही तिथं अडते. पत्र नसतं तर मी भिगवणला टायपिंग शिकवत राहिले असते. पण ते ऐकताना मला प्रशांतची आली होती त्याहून जास्त किळस माझी आली. कारण बंगळुरूला माझ्या लॅपटॉपमध्ये तोच खोटा अनुभव पुन्हा सही होऊन पडला होता. या वेळी तो मामानं आणला नव्हता. मी स्वतः मागवला होता. नोकरी नव्हती म्हणून नव्हे, एक वर्ष थांबायचं जिवावर आलं म्हणून.

आबा उठले. “सुभाष,” ते मामाला म्हणाले, “मला म्हाईत नव्हतं.” एवढंच बोलून चपला घालून बाहेर गेले.

परत येताना एसटीत ते माझ्या शेजारी बसले नाहीत, पुढं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. भिगवणला उतरल्यावर म्हणाले, “इहारात मी बोललो व्हतो. मानसं आजून त्ये बोलून दावत्यात. चांगलं म्हनून.” मी म्हटलं, आबा, चुकलं माझं. ते म्हणाले, “तुला म्हाईत व्हतं. तुज्या आईला म्हाईत व्हतं. मीच तेवढा टाळ्या घेत हुबा व्हतो.”

आईनं त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलणं सोडलं. तिच्या मते मी तिच्या भावाचं घर तोडलं. सही करून टाकली असती तर कोणाला काही कळलं नसतं, हे तिचं म्हणणं. तेही खरंच आहे.

बंगळुरूला आल्यावर मी पहिल्यांदा त्या माणसाचा सही केलेला फॉर्म काढून टाकला. मग माझ्या वरिष्ठांकडे गेले. तामिळ बाई, या क्षेत्रात वीस वर्षं, केबिनच्या भिंतीवर चार प्रमाणपत्रं. दार लावून मी त्यांना सांगितलं की माझ्या कागदपत्रांत पहिल्या दोन वर्षांचा अनुभव खोटा आहे. नोकरी जाईल हे मी धरून चालले होते.

त्यांनी हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं. “हे मी ऐकलेलं नाही,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “तुझं काम उत्तम आहे. पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. जा.” दुपारी त्यांनी मला मानसिक आरोग्याच्या शिबिराची लिंक पाठवली.

मग मी मनुष्यबळ विभागाला लेखी कळवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की तुमच्या कागदपत्रांची तपासणी नोकरीच्या वेळीच पूर्ण झालेली आहे, तरी आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. खाली पाच चांदण्या होत्या, सेवा कशी वाटली ते कळवा म्हणून. त्या चांदण्यांकडं मी बराच वेळ बघत बसले. कन्हेरीच्या ओसरीवर मामा निदान तोंडावर बोलला होता. इथं सगळा मजला नियम लिहिणाऱ्यांचा, आणि खरं ऐकून घ्यायला एक माणूस मोकळा नाही. त्या आठवड्यात मला कँटीनमधलं जेवण जात नव्हतं. गोल टेबलांवर लोक जोखमीबद्दल बोलायचे आणि मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

नोकरी गेली नाही. मी एक वर्ष थांबले, तेच काम करत. वर्ष भरल्यावर नवा अर्ज केला, खरी पाच वर्षं दाखवून, आणि प्रमाणपत्र आलं. मेलमध्ये होतं. उघडलं, बघितलं, बंद केलं. भिंतीवर लावलेलं नाही.

प्रशांतला ते माझ्या आधी आठ महिने मिळालं होतं. त्याच्या अर्जावर सही कोणाची होती ते मी विचारलं नाही. मजकूर माझाच असणार. कन्हेरीच्या फाट्यावर गॉगल घातलेल्या त्याच्या फोटोचा फ्लेक्स लागला, खाली शुभेच्छुक म्हणून पंधरा चेहरे. आता तो पुण्यात सल्लागार आहे, कंपन्यांना गव्हर्नन्स शिकवतो. एकदा एका ऑनलाइन बैठकीत अचानक समोर आला. माझ्याशी इंग्रजीत बोलला, छान बोलला. मी कॅमेरा बंद केला.

लोक मला विचारतात, गावी जावंसं वाटत नाही का. माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात तेव्हा त्यांना नदीकाठ, हुरडा, आईच्या हातचं कालवण असं काहीतरी ऐकायचं असतं. तुम्ही तिकडचे विचारता तेव्हा तुम्हांला ऐकायचं असतं की मला करमत नाही. खरं सांगायचं तर मला दोन्हीकडं सारखाच वीट आलाय. उजनीच्या पाण्यावर आता रोहित पक्षी बघायला पुण्याहून गाड्या येतात. त्या पाण्याकाठी माझं खोटं कौतुकानं वाढवलं गेलं आणि मी खरं बोलले तेव्हा घरात सुतक पडलं. इथं बंगळुरूत तर दोन्हींतलं काहीच कोणाच्या कानावर जात नाही.

तरीही मी जाते. गेल्या उन्हाळ्यात प्रशांतचं लग्न बारामतीच्या एका मंगल कार्यालयात होतं. आईनं फोनवर आधीच सांगितलं, “तू नगं येऊ. उगं तोंडाला तोंड लागायचं.” मी लग्नाला गेले नाही, पण त्याच दिवशी डाळजला गेले. आई पहाटेच्या गाडीनं बारामतीला गेली असणार हे माहीत होतं. आबाही तिच्याबरोबर गेले असतील, घराला कुलूप असेल असं धरून मी शेजारच्या काकूंकडं किल्ली मागायला निघाले, तर दार उघडंच होतं. आबा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी भाकरी थापताना बघितलं नव्हतं. कडा फाटत होत्या.

“तुम्हांला बोलावलं नव्हतं का?” मी विचारलं.

“बोलवलं व्हतं. सुभाष दोनदा येऊन गेला. मी न्हाय गेलो.”

मी हात धुऊन त्यांच्याजवळ बसले. माझ्यासाठी ते घरी राहिले, असं वाटून मी त्यांच्या आणखी जवळ सरकले. त्यांना ते दिसलं असावं. तव्यावरची भाकरी उलटवत, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “तुज्यासाठी न्हाय ऱ्हायलो. मला त्या मांडवात बसवलं नसतं. आन तुजंबी मी इसरल्यालो न्हाय.”

“व्हय, आबा,” मी म्हटलं. घोकून घोकून तोंडातून घालवलेला तो शब्द न शोधता तोंडात आला.

त्यांनी दोन ताटल्या घेतल्या. भाकरी मोडली, त्यातली कमी करपलेली बाजू माझ्या ताटलीत ठेवली, वर ठेचा वाढला आणि पाण्याचा तांब्या मधे सरकवला.

“जेव,” ते म्हणाले. “निवतीय.”